अठरा वर्षांनंतरचे चार दिवस

आमच्या लग्नाला मागच्या वर्षी वीस वर्षे पूर्ण झाली. पण एका छपराखाली काढलेले दिवस मोजायला बसलो, तर हिशेब साडेतीन वर्षांच्या पुढे जात नाही. लग्नानंतरची पहिली दोन वर्षे सोबत गेली. मग आमच्यातला एक कतारला गेला आणि दुसरी कोकणातल्या शाळेत उर्दू-मराठी शिकवत राहिली. वर्षाला एक महिना सुट्टी. त्यातले पहिले आठ दिवस नातेवाइकांच्या भेटीगाठींचे, शेवटचे आठ दिवस मसाला, आंबापोळी आणि सुकी मासळी बॅगेत बसवण्याचे. मधल्या दिवसांत कुणाचे तरी लग्न किंवा कुणाची तरी मय्यत. आमच्या भागातल्या वाचकांना यात नवीन काही वाटणार नाही. असे घर शोधायला मोहल्ल्याबाहेर जावे लागत नाही.

मागच्या फेब्रुवारीत नोकरी संपवून कायमचे परतणे झाले. अल्हम्दुलिल्लाह, सगळ्यांना आनंद झाला. पण दोन महिन्यांत एक गोष्ट ध्यानात आली. सिलिंडर कुणाला सांगायचा, नळाला पाणी किती वाजता येते, नववीतल्या मुलाची फी कधी भरायची, हे सगळे घरात एकीलाच ठाऊक होते. मुलगा परवानगी मागायला आईकडेच जायचा, मग बाप समोर बसलेला का असेना. ज्याने घर बांधले तो त्याच घरात पाहुण्यासारखा वागू लागला, आणि जिने सांभाळले तिला वाटू लागले की आपल्या कामात उगाच कुणीतरी हात घालते आहे. भांडण मोठे कधीच झाले नाही. फ्रिजमध्ये पाण्याच्या बाटल्या किती ठेवायच्या, एवढ्यावरून मात्र दोन दिवस अबोला झाला.

पुण्याला शिकणारी मुलगी एप्रिलमध्ये घरी आली होती. तिने सारे पाहिले आणि जाताना म्हणाली, “तुम्ही दोघे चार दिवस कुठेतरी जाऊन या. आम्हाला नेऊ नका.”

आधी आम्ही हसण्यावारी नेले. मग पैशाचा विचार आला. नोकरी सुटताना मिळालेल्या रकमेतून घराचे कर्ज फिटले होते, जकात वेगळी काढली होती, कुणाचे देणे राहिले नव्हते. उमरा कतारला असतानाच अम्मींना सोबत घेऊन झाला होता. तरीही मन खात होते की हा इस्राफ तर नव्हे? शेवटी अम्मीच म्हणाल्या, “जाऊन या. मी आहे ना घरात. माझ्या हयातीत तुम्हाला एकत्र फिरताना बघू तरी दे.”

ठिकाण सुचवले ते इब्न बतूताने. शाळेत उर्दूच्या तासाला मुलांना त्याच्या प्रवासाच्या गोष्टी सांगता सांगता ‘अलाया’ हे नाव तोंडात बसले होते. 1330 च्या दशकाच्या सुरुवातीला तो सीरियातल्या लाताकिया बंदरातून एका जेनोव्हाच्या जहाजाने निघाला आणि अनातोलियाच्या किनाऱ्यावर प्रथम उतरला तो या गावात. पुढे हाच माणूस दिल्लीत काझी झाला आणि आपल्या दौलताबाद-नंदुरबारकडूनही गेला. त्या अलायाला आज अलान्या म्हणतात. तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावर, भूमध्य समुद्रात घुसलेल्या एका उंच डोंगरावर ते जुने गाव वसले आहे. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही मुंबईहून इस्तंबूल, तिथून अंतालिया आणि तिथून बसने अलान्या असे गेलो. बस सुटल्यावर एक पोरगा बाटली घेऊन आला आणि प्रत्येकाच्या तळहातावर लिंबाच्या वासाचे कोलोन्या ओतत गेला. पाहुण्याच्या हाताला अत्तर लावावे तसे. वाटेत खिडकीतून केळीच्या बागा दिसल्या तेव्हा तर आपण परदेशात आहोत हे क्षणभर विसरलो.

किनाऱ्यावरच्या मोठमोठ्या हॉटेलांत दारू सर्रास असते, म्हणून आम्ही बंदराजवळच्या जुन्या भागात एका कुटुंबाने चालवलेली लहानशी जागा घेतली होती. संध्याकाळी फिरायला बाहेर पडलो. थोड्याच वेळात कळले की आमच्यातला एक चार पावले पुढे चालतो आहे आणि दुसरी मागे. त्याला एकट्याने भराभर चालायची सवय. तिला मुलांना सोबत घेऊन, दुकानात डोकावत चालायची. चहाच्या बागेत बसलो. नाजूक कमरेच्या काचेच्या पेल्यांत बिनदुधाचा लाल चहा आला. मुलांविषयी बोलून झाले, अम्मींविषयी बोलून झाले. मग विषयच संपले. अठरा वर्षे आम्ही रोज रात्री फोनवर बोललो होतो. समोरासमोर बसून काय बोलायचे, ते मात्र शिकायचे राहून गेले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी किझिल कुले पाहायला गेलो. किझिल कुले म्हणजे तांबडा बुरूज. सल्जुक सुलतान अलाउद्दीन कैकुबाद याने 1221 मध्ये हे गाव जिंकले. त्याच्याच नावावरून गावाला ‘अलाइये’ हे नाव मिळाले. बंदराच्या राखणीसाठी त्याने 1226 मध्ये हा अष्टकोनी बुरूज उभारला. उंची 33 मीटर, वरचा भाग तांबड्या विटांचा, आत पाण्याचे टाके. बांधणारा हलबचा, म्हणजे अलेप्पोचा कारागीर होता. इथून निघालेली तटबंदी साधारण साडेसहा किलोमीटर लांब आहे आणि डोंगराला वळसा घालत माथ्यापर्यंत चढते. बुरुजावर अरबी लिपीतला शिलालेख आहे. तुर्कस्तानात 1928 मध्ये लिपी बदलली, त्यामुळे तिथल्या सामान्य माणसाला ती अक्षरे आता वाचता येत नाहीत. आमच्यातल्या शिक्षिकेने मात्र मान वर करून ‘सुलतान’ हा शब्द लावला, तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या एका तुर्की बाईने कौतुकाने हात दाबला. आमच्यातल्या दुसऱ्यानेही त्या वेळी असे काही पाहिले, की आपली बायको वर्गात कशी दिसत असेल ते आपण कधीच पाहिलेले नाही, असे तो नंतर म्हणाला.

बुरुजाच्या आतल्या पायऱ्या खूप उंच आहेत. अर्ध्यावर गेल्यावर मागून पावलांचा आवाज थांबला. वळून पाहिले तर तो भिंतीच्या कोनाड्यात बसला होता. चेहरा पांढरा, कपाळावर घाम. पाणी दिले, पदराने वारा घातला. दम बसल्यावर खाली मान घालून त्याने जे सांगितले ते असे : दोन वर्षांपूर्वी दोहामध्ये त्याच्या हृदयाला एक स्टेंट बसवला होता. तीन दिवस रुग्णालयात होता. सोबत खोलीतले मित्र. घरी कळवले नव्हते. आल्यापासून रोज ज्या गोळ्या ‘बीपीच्या’ म्हणून घेत होता, त्या त्याच होत्या.

“का नाही सांगितलंत?”

“मुलीची बारावी होती. तू इथे एकटी. सांगून काय झालं असतं?”

आधी राग आला. तिथेच ओरडावेसे वाटले. पण तोंडातून शब्द फुटेना, कारण तसेच एक गुपित इकडेही होते. 2020 साली, टाळेबंदीत आंतरराष्ट्रीय विमाने बंद असताना, आमच्यातलीला छातीत गाठ लागली होती. बहिणीला घेऊन ती जिल्ह्याच्या गावी गेली, तुकडा काढून तपासायला दिला. अहवाल यायला अकरा दिवस लागले. त्या अकरा दिवसांत रोज रात्री फोन येत होता आणि रोज रात्री ती सांगत होती, “सगळं ठीक आहे.” अहवाल चांगला आला, अल्लाहचे शुक्र. पण त्या अकरा रात्री तिने कुणालाच सांगितल्या नव्हत्या. त्या तिने त्या पायरीवर बसून सांगितल्या.

बराच वेळ आम्ही काही बोललो नाही. पर्यटक बाजूने वर जात होते, खाली येत होते. मग तो एवढेच म्हणाला, “अकरा दिवस, आणि मी तुला विचारत होतो की बाजारात आंबा आला का.”

कुरआनने पती-पत्नीला एकमेकांचे वस्त्र म्हटले आहे. आम्ही त्याचा अर्थ आजवर एवढाच घेतला होता की एकमेकांचे दोष झाकावेत. पण वस्त्र अंगाला लागून असते. ज्याला अंगावरची जखम ठाऊक नाही ते वस्त्र कसले? आम्ही सबर समजून जे केले, त्यातले थोडे सबर होते आणि थोडी सवय होती, एकमेकांवाचून निभावून नेण्याची. फ्रिजमधल्या बाटल्यांवरून झालेला अबोला कुठून आला होता, ते तेव्हा उमगले.

बुरुजाच्या माथ्यावर आम्ही गेलो नाही. खाली उतरलो आणि किनाऱ्याने हळूहळू, शेजारी शेजारी चालत तेरसानेपर्यंत गेलो. तेरसाने म्हणजे जहाज बांधण्याची गोदी. तीही कैकुबादनेच 1228 च्या सुमारास बांधलेली. पाच मोठ्या कमानी समुद्राकडे उघडतात. लाटा थेट आत येतात. तिथल्या गार सावलीत बसून आम्ही कैकुबादचीच एक गोष्ट आठवली. गाव ताब्यात आल्यावर त्याने तिथल्या ख्रिस्ती सरदाराच्या मुलीशी निकाह केला. ती पुढे महपेरी खातून म्हणून ओळखली गेली. सुलतान 1237 मध्ये वारला. त्यानंतर लगेच, 1238 मध्ये, तिने कैसेरी शहरात मशीद, मदरसा आणि हमाम उभारले; ते आजही उभे आहेत. हरलेल्या बापाची मुलगी आणि जिंकलेला सुलतान यांचा संसार कसा झाला असेल, हे आपल्याला कोण सांगणार? पण परकी म्हणून आलेली बाई त्या घरची झाली, एवढे मात्र तिने उभारलेल्या दगडांवरून कळते. आमच्या घरी परका म्हणून कोण आला आहे, हा प्रश्न त्या दिवशी आम्ही मोठ्याने एकमेकांना विचारला आणि दोघेही हसलो. गेल्या दोन महिन्यांतले ते पहिले एकत्र हसू असावे.

तिसऱ्या दिवशी किल्ल्यावर गेलो, आता पायऱ्या टाळून, रोपवेने. किल्ल्याच्या आत अजूनही वस्ती आहे. अंगणे, अंजिराची झाडे, दगडी भिंतींवर वाळत घातलेली चादर. सुलेमानिये मशिदीत जुहरची नमाज पढलो. मूळ मशीद सल्जुकांच्या काळातली, आजची इमारत सोळाव्या शतकातली, सुलतान सुलेमानच्या वेळची. सफरात असल्यामुळे दोनच रकात कसर. दुआला हात उठवले तेव्हा दोघांनीही एकाच गोष्टीसाठी दुआ केली, हे बाहेर आल्यावर समजले.

मशिदीच्या खालच्या गल्लीत एक दादी दारात बसून रेशमी रुमाल आणि वाळक्या भोपळ्यांचे नक्षीदार दिवे विकत होत्या. “होश गेल्दिनिझ,” म्हणाल्या. त्यातला ‘होश’ म्हणजे आपला खुशआमदीदमधला ‘खुश’. मग आमच्यातल्या शिक्षिकेला चेवच चढला. तिथे बसून आम्ही शब्द जुळवू लागलो : किताप, कलेम, देफ्तर, दुन्या, हवा, मिसाफिर, साबुन, शेकेर, दुक्कान. पनीरला पेयनिर. आपण मराठीत बोलतो ते चाकू, कैची आणि तोफ हे शब्द तर मुळात त्यांच्याकडूनच आलेले, आणि खुद्द ‘उर्दू’ हा शब्दही. तुर्की भाषेत ‘ओर्दू’ म्हणजे लष्कर. दादी टाळ्या वाजवून हसत होत्या. त्यांच्या नातवाने मोबाइलवर भाषांतर करून आम्ही कोण, कुठले ते विचारले. आम्ही सांगितले : अठरा वर्षे हे एका देशात, मी दुसऱ्या. आता कायमचे एकत्र.

दादी गप्प झाल्या. मग त्यांनी काहीतरी म्हटले ते नातवाने फोनवर दाखवले. माणूस परगावी गेलेला असला की मागे राहिलेल्यांना तिकडे म्हणतात, “अल्लाह कावुश्तुरसुन,” म्हणजे अल्लाह तुमची गाठ पुन्हा घालून देवो. दादी म्हणत होत्या, तुमच्या बाबतीत तर ही दुआ कबूल झाली आहे.

आम्ही निघालो तेव्हा त्या आत गेल्या आणि तांब्याभर पाणी घेऊन आल्या. आमच्या पाठीमागे दगडी पायऱ्यांवर त्यांनी ते ओतले. नातू म्हणाला, ही आमची रीत आहे : पाण्यासारखे जा, पाण्यासारखे परत या. ही दीनची गोष्ट नव्हे, लोकांची रीत आहे, हे आम्हालाही कळते. पण त्या ओल्या पायऱ्यांकडे पाहताना आम्हाला आमचा उंबरठा आठवला. दर वर्षी गाडी फाटकाबाहेर पडायची तेव्हा अम्मी आयतुल कुर्सी पढून फुंकर घालायच्या आणि आमच्यातली स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून भांडी घासायला लागायची, रडण्याचा आवाज मुलांना ऐकू जाऊ नये म्हणून. हे तिने त्या उतारावर प्रथमच सांगितले. आणि त्याने सांगितले की मुंबईच्या विमानतळापर्यंत तो गाडीत झोपेचे सोंग घेत असे.

सातशे वर्षांपूर्वी इब्न बतूताने या मुलखाच्या लोकांविषयी लिहून ठेवले आहे की त्यांच्याकडे पाहुणा आला की शेजारीपाजारी विचारपूस करतात, आणि तो निघाला की सख्ख्या नातलगासारखा निरोप देतात. बायका तर रडतात. पलीकडच्या अंतालियात त्याला फाटक्या कपड्यातल्या एका माणसाने जेवायला बोलावले. हा गरीब आपल्याला काय जेवू घालणार, असे त्याला वाटले. नंतर कळले की तो एक चांभार असून ‘अखी’ नावाच्या कारागिरांच्या बंधुसंघाचा म्होरक्या आहे. दिवसभर कमावायचे आणि संध्याकाळी ते मुसाफिरांवर खर्चायचे, हा त्यांचा नेम. वर्गात ही गोष्ट अनेकदा सांगितली होती. आता सांगताना त्यात दादींचे पाणीही येईल.

शेवटच्या दिवशी फज्रनंतर आम्ही क्लिओपात्राच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या किनाऱ्यावर गेलो. दिवसा तिथे आमच्यासारख्यांना अवघडल्यासारखे होते. पहाटे मात्र कुणीही नसते. पाणी काचेसारखे स्वच्छ. सलवार भिजवत घोट्यापर्यंत पाण्यात उभे राहिलो. हजरत आयेशा (रजि.) यांनी सांगितलेली ती हदीस आठवली : एका सफरात रसूलुल्लाह (स.) यांनी त्यांच्यासोबत धावण्याची शर्यत लावली आणि त्या जिंकल्या, पुढे काही वर्षांनी पुन्हा शर्यत झाली तेव्हा आप (स.) जिंकले आणि ही त्या वेळची परतफेड म्हणाले. उम्मतची एवढी मोठी जबाबदारी खांद्यावर असलेल्या नबींनी (स.) पत्नीसाठी असा वेळ काढला. आम्ही मात्र असा वेळ काढणे ही चैन समजत होतो. धावणे आम्हाला आता झेपणारे नव्हते. पण वाळूतून एका टोकाकडे चालत गेलो आणि कुणीही चार पावले पुढे नव्हते.

घरी आल्यावर पहिले काम केले ते असे, की दोघांच्या तपासण्यांचे सगळे कागद एकाच फाइलमध्ये लावले आणि ती अम्मींच्या कपाटात, सगळ्यांना ठाऊक असलेल्या जागी ठेवली. डॉक्टरांकडे आता आम्ही दोघे मिळून जातो. ज्या घरातला माणूस परदेशात आहे त्या बहिणींना आणि तिकडे असलेल्या भावांना आमची एवढीच विनंती आहे : फोनवर “सगळं ठीक आहे” म्हणण्याआधी एकदा थांबा. काळजी वाटून घेणे हाही हक आहे. तो तुम्ही परस्पर माफ करून टाकू नका. अलान्याला जायलाच हवे असे नाही. मुलांना आजीकडे ठेवून मुरुडच्या किनाऱ्यावर एक दुपार काढली तरी पुरे.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. पहिल्या दिवशी पाऊस होता. आमच्यातली छत्री उघडून पायरी उतरली, तेव्हा मागे पाणी पडल्याचा आवाज झाला. वळून पाहिले तर दारात तो रिकामा पेला हातात घेऊन उभा होता. अम्मी आतून ओरडल्या, “अरे, बाहेर एवढा पाऊस पडतोय, त्यात तुझं आणखी पाणी कशाला?”

पाच वाजता शाळा सुटली तेव्हा तो फाटकाशी उभा होता. अल्लाह प्रत्येक ताटातूट झालेल्या घराची गाठ पुन्हा घालून देवो. आमीन.